छोट्या संगणकाचे जोडकार्ड : विकण्यापूर्वी फर्मवेअर तपासा

एकाच बोर्डावर सर्व काही असलेले छोटे संगणक आता दुकानातील बिलासाठी, कॅमेऱ्यांच्या नोंदीसाठी आणि कारखान्यातील मशीनवर लक्ष ठेवण्यासाठी वापरले जातात. ते जोडून देण्याचे काम आमच्या वाचकांपैकी अनेक दुकानदार व कारागीर बांधव करू शकतात. मात्र या धंद्यात नुकसान होते ते बोर्डात नव्हे, तर त्याला लावलेल्या जोडकार्डात. कार्ड चांगले, बोर्ड चांगला, तरीही दोघांचे जुळत नाही. गिऱ्हाईक माल परत आणते आणि घाऊक व्यापारी तो परत घेत नाही. म्हणून या लेखात आम्ही एकच उदाहरण घेऊन तपासणीची रीत सांगणार आहोत.

उदाहरण रास्पबेरी पाय ५ या बोर्डाचे आहे. इंग्लंडमधील केंब्रिजच्या या कंपनीचा पहिला बोर्ड २०१२ साली आला व पाचवा २०२३ साली. पाचव्या बोर्डावर पीसीआय एक्सप्रेसची एक वाट बारीक चपट्या पट्टीच्या जोडणीने बाहेर काढलेली आहे. तिला एम.२ कार्ड लावून एनव्हीएमई डिस्क बसविता येते. कंपनीने स्वतःचे असे कार्ड मे २०२४ मध्ये आणले. इतर कारखान्यांची कार्डेही बाजारात आहेत व ती स्वस्त असतात.

आता मुख्य गोष्ट समजून घ्यावी. वीज दिल्यावर लिनक्स चालू होण्याच्या आधी बोर्डावरील एका छोट्या चिपमधील प्रोग्राम जागा होतो. यालाच फर्मवेअर म्हणावयाचे. कार्ड कोणते आहे, ते चालू करावे की नाही, कोणत्या डिस्कवरून सुरुवात करावी, हे तो ठरवितो. ‘हॅट प्लस’ या नियमाप्रमाणे बनविलेल्या कार्डावर ओळख सांगणारी एक लहान मेमरी असते. फर्मवेअर ती वाचते आणि पीसीआयची वाट आपोआप उघडते. ओळख नसलेले कार्ड लावले तर वाट बंदच राहते. अशा कार्डासाठी कॉन्फिग.टीएक्सटी फाईलमध्ये ‘डीटीपॅरम=पीसीआयईएक्स१’ ही ओळ इंग्रजीत लिहावी लागते, आणि त्यावरूनच संगणक सुरू करावयाचा असेल तर फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये ‘पीसीआयई_प्रोब=१’ हेही टाकावे लागते. अनेक ‘खराब’ कार्डे या दोन ओळींअभावीच परत येतात, असे आमचे मत आहे.

तपासणीला बसताना प्रथम एसडी कार्डावरून लिनक्स चालू करून फर्मवेअरची तारीख पाहावी. त्यासाठी ‘आरपीआय-ईईप्रॉम-अपडेट’ ही आज्ञा आहे. एम.२ कार्डासाठी ६ डिसेंबर २०२३ किंवा त्यानंतरची तारीख हवी. जुनी असेल तर त्याच आज्ञेने नवे फर्मवेअर भरून बोर्ड पुन्हा सुरू करावा. हे चालू असताना वीज जाऊ देऊ नये. गेलीच तर घाबरण्याचे कारण नाही, एसडी कार्डावर दुरुस्तीची प्रत तयार करून फर्मवेअर परत भरता येते.

त्यानंतर ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा द्यावी. डिस्कचे नाव यादीत दिसले तर वाट उघडली. नाही दिसले तर ‘डीमेसेज’ या आज्ञेने सुरुवातीच्या नोंदी वाचाव्यात. तेथे ‘लिंक डाऊन’ असे आढळले तर सॉफ्टवेअरला दोष देण्यापूर्वी पट्टी पाहावी. पट्टी तिरकी बसणे, उलटी लागणे, खटका पूर्ण न दाबणे, असे प्रकार नेहमी होतात. पट्टी काढता-घालताना वीज पूर्ण बंद ठेवावी. दुसरा प्रकार डिस्कचा. एम.२ आकाराच्या काही डिस्क साटा जातीच्या असतात. त्या खाचेत बसतात, पण चालत नाहीत. दोन कापांची डिस्क म्हणजे साटाच असेही नाही, म्हणून कापांवर न जाता लेबलावरील अक्षरे वाचावीत.

येथे पुष्कळजण थांबतात व काम झाले असे समजतात. लिनक्समध्ये डिस्क दिसणे आणि फर्मवेअरने तिच्यावरून संगणक सुरू करणे या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. दुसरी परीक्षा अशी घ्यावी : डिस्कवर लिनक्स भरावे, एसडी कार्ड काढून ठेवावे, स्क्रीन जोडून वीज द्यावी. फर्मवेअरला सुरुवात करण्याजोगे काही सापडले नाही तर ते आपली तारीख आणि कोठे कोठे शोध घेतला हे स्क्रीनवर दाखविते. शोधाचा क्रम एका आकड्यात लिहिलेला असतो व तो उर्दूप्रमाणे उजवीकडून वाचावयाचा. १ म्हणजे एसडी, ६ म्हणजे एनव्हीएमई, ४ म्हणजे यूएसबी. मूळ क्रम ४६१ असा असतो, म्हणजे एसडी पहिली. गिऱ्हाइकाने जुने एसडी कार्ड आत राहू दिले तर संगणक त्यावरूनच सुरू होईल आणि ‘माझी बिले गेली’ अशी ओरड दुकानात येईल. डिस्क पहिली हवी असेल तर ४१६ करून द्यावे.

एकदा सुरू झाले म्हणून कार्ड पास करू नये. काही डिस्क नुसत्या रीस्टार्टमध्ये ठीक चालतात, पण वीज तोडून मिनिटभराने दिली की वेळेवर जाग्या होत नाहीत. दुकानातील यंत्र तर रोज रात्री बंद होणार. म्हणून वीज तोडून निदान वीस वेळा सुरू करून पाहावे व प्रत्येक वेळची नोंद वहीत करावी. हे कंटाळवाणे काम आहे, पण पोराला एका दुपारी बसविले तर होऊन जाते.

विजेबाबत कंजुषी नको. या बोर्डाला ५ व्होल्ट, ५ अँपिअरचा पुरवठा सांगितलेला आहे. ३ अँपिअरवर बोर्ड चालतो, परंतु यूएसबीच्या सर्व जोडण्यांना मिळून ६०० मिलिअँपिअरच मिळतात, ५ अँपिअरवर १.६ अँपिअर. मोठी फाईल डिस्कवर उतरवून, तिची मूळ फाईलशी ताडणी करून, नंतर ‘व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड’ ही आज्ञा द्यावी. उत्तरात शून्याखेरीज काही आले तर बहुधा वीज कमी पडली किंवा बोर्ड तापला असे समजावे. त्या अवस्थेत कार्डाबद्दल कोणताही निकाल लिहू नये.

वेगाविषयी एक इशारा. ही वाट दुसऱ्या पिढीच्या वेगाची आहे, सेकंदाला कागदावर ५०० मेगाबाइट, प्रत्यक्षात त्याहून कमी. एका ओळीने तिसऱ्या पिढीचा वेग चालू करता येतो आणि काही विक्रेते तोच आकडा जाहिरातीत छापतात. पण कंपनीने या बोर्डाला त्या वेगाचे प्रमाणपत्र घेतलेले नाही आणि जोडणी अस्थिर होऊ शकते असे स्वतः सांगितले आहे. हिशेबाच्या यंत्रावर आम्ही हा वेग देणार नाही.

मोठ्या संगणकाची ग्राफिक किंवा इतर कार्डे अडॅप्टरने लावण्याचा मोहही काहींना होतो. त्या कार्डांतील सुरुवातीचा प्रोग्राम बहुधा इंटेल जातीच्या प्रोसेसरसाठी लिहिलेला असतो. हा बोर्ड आर्म जातीचा असल्याने त्याला तो चालविता येत नाही. लिनक्समध्ये योग्य ड्रायव्हर असेल तर कार्ड पुढे चालेलही, पण सुरुवातीला स्क्रीन काळीच राहील. गिऱ्हाइकाला हे आधी सांगावे.

माल घेताना प्रथम एकच नग आणावा. वहीत बोर्ड, कार्ड, डिस्कचे पूर्ण मॉडेल, फर्मवेअरची तारीख, पॉवर सप्लाय आणि वीसपैकी किती वेळा सुरू झाले, हे लिहावे. बिलावरही तेच डिस्क मॉडेल व तीच फर्मवेअरची तारीख टाकावी. म्हणजे पुढे गिऱ्हाइकाने दुसरी डिस्क लावून तक्रार आणली तर पाहणे सोपे जाते.