परिचारिकेचे शिक्षण : पुस्तक, रुग्णालय आणि गाव

आजारी भिक्खूला भगवान बुद्धांनी आनंदासह स्वतःच्या हातांनी स्नान घातले, ही विनयपिटकातील कथा आपण जाणतो. शुश्रूषा हाताने शिकायची असते. म्हणूनच 'घरबसल्या नर्सिंग' अशी जाहिरात दिसली की आम्हाला शंका येते.

सहाय्यक परिचारिका प्रसविका, म्हणजे ए.एन.एम., हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा. सतरा वर्षे पूर्ण झालेली बारावी उत्तीर्ण मुलगी त्यास प्रवेश घेऊ शकते. कला शाखेची असली तरी चालते. सेनगाव-कळमनुरीकडील कित्येक पालकांना हे सांगावे लागते. पहिले 18 महिने शिक्षण, शेवटचे 6 महिने आंतरवासिता. त्या 18 महिन्यांतही नुसता वर्ग नसतो. नाडी, ताप, रक्तदाब आधी एकमेकींवर, बाळंतपण आधी पुतळ्यावर. मग वॉर्ड, प्रसूतिकक्ष आणि उपकेंद्राच्या गावात घरोघर भेटी. पुस्तक घरी वाचता येईल, नाळ कापणे घरी कसे शिकणार?

2005 साली सुरू झालेल्या आशा योजनेतही पहिल्या वर्षाचे 23 दिवसांचे प्रशिक्षण पाच टप्प्यांत ठरविले गेले, मधल्या काळात गावातले काम. अर्थात त्यातून परिचारिकेची नोंदणी मिळत नाही.

तेव्हा शुल्क भरण्यापूर्वी विचारावे : महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता आहे काय? प्रात्यक्षिक कोणत्या रुग्णालयात? मान्यता नसेल तर हाती प्रमाणपत्र येईल, नोंदणी होणार नाही. शैक्षणिक कर्ज मागायला येणाऱ्यांनाही आम्ही प्रथम हेच कागद विचारतो. जातीचे प्रमाणपत्र व उत्पन्नाचा दाखला मात्र आधीच काढून ठेवावा; शिष्यवृत्तीचा अर्ज त्यांवाचून अडतो.