तरुण वयातील अर्धांगवायू : दुसरा झटका टाळण्यासाठी

अर्धांगवायू, म्हणजे आपल्या भागात ज्याला 'लकवा' म्हणतात, तो म्हातारपणाचाच आजार आहे अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती पूर्णतः खरी नाही. जगभरातील पाहण्यांनुसार एकूण रुग्णांपैकी सुमारे 10 ते 15 टक्के रुग्ण 18 ते 50 या वयोगटातील असतात. घराचा कर्ता हातच अशा वेळी लुळा पडतो.

प्रस्तुत लेखक वैद्यक नव्हे, वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. परंतु प्रशासक या नात्याने रुग्णांची कागदपत्रे नजरेखालून जातात. त्यांतील एक प्रकरण विसरता येत नाही. तालुक्यातील 38 वर्षांच्या एका शेतकऱ्याचा उजवा हात ऐन कापूस वेचणीत लुळा पडला. उपचारांनी तीन महिन्यांत तो पुन्हा वावरात जाऊ लागला. बरे वाटू लागल्याने गोळ्या बंद झाल्या, रक्तदाब मोजणे राहिले, खर्रा पुन्हा सुरू झाला. अकरा महिन्यांनी दुसरा झटका आला आणि वाचा गेली. त्याची पत्नी म्हणाली, "साहेब, गोया जनमभर घ्या लागते, हे आमाले कोनी सांगतलंच नाई." घरी पाठवतानाच्या कागदावर ते लिहिलेले होते, पण इंग्रजीत! ही उणीव आमची होती, हे नम्रपणे मान्य केले पाहिजे.

धोका किती काळ राहतो?

नेदरलँड्समधील नायमेखन येथे 18 ते 50 वयोगटातील रुग्णांचा दीर्घकाळ पाठपुरावा करण्यात आला. त्याचे निष्कर्ष 2013 साली प्रसिद्ध झाले. मेंदूची रक्तवाहिनी तुंबून झटका आलेल्यांपैकी जवळजवळ दर पाचांतील एकास वीस वर्षांच्या आत पुन्हा झटका येण्याचा संभव दिसला. हातापायांत बळ आले म्हणजे धोका टळला, असे नव्हे.

कारण शोधणे महत्त्वाचे

उच्च रक्तदाब, मधुमेह, तंबाखू व मद्य ही कारणे तरुणांतही आढळतात. याखेरीज संधिवाताच्या तापाने बिघडलेली हृदयाची झडप, मानेतील रक्तवाहिनीस पडलेली चीर आणि बाळंतपणानंतर मेंदूच्या शिरेत होणारी गुठळी हीही कारणे असतात. विदर्भात सिकलसेलचाही विचार करावा लागतो. त्यात नियमित रक्त देण्याने पुढील झटक्यांचा धोका बराच कमी होतो. कारणानुसार औषध बदलते. रक्तस्रावाने झटका आला असेल तर रक्त पातळ करणारी गोळी घातक ठरू शकते. म्हणून शेजाऱ्याची गोळी आपल्या रुग्णास देऊ नये.

नातेवाइकांनी लक्षात ठेवावे

1. डॉक्टरांनी सांगितल्याविना एकही गोळी बंद करू नये.
2. रक्तदाब व साखर नियमित तपासून वहीत नोंदवावी.
3. तंबाखू, खर्रा, बिडी व दारू कायमची सोडावी.
4. जुने कागद व स्कॅन जपून ठेवावेत.
5. तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोबडी वळणे यांपैकी काहीही अचानक झाल्यास, ते आपोआप बरे झाले तरी, सी.टी. स्कॅनची सोय असलेले रुग्णालय तत्काळ गाठावे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणतः साडेचार तासांच्या आतच देता येते.

हिशेबाची बाजू

शासकीय योजनांमधून दाखल रुग्णाच्या उपचारांचा बराच खर्च भागतो. घरी गेल्यानंतरची वर्षानुवर्षांची औषधे व तपासण्या यांचा भार मात्र बहुधा कुटुंबावर पडतो. 2017 साली सुरू झालेल्या भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या टप्प्यात शेजारचा वर्धा जिल्हा होता. प्रत्येक रुग्णाची नोंद, महिनाभराची औषधे आणि न आलेल्याची विचारपूस, अशी त्याची साधी रीत आहे. तिच्यासाठी मोठे यंत्र लागत नाही. लागते ते सातत्य.

वरील प्रसंगानंतर आम्ही घरी जाणाऱ्या रुग्णास मराठीत लिहिलेले औषधपत्रक देतो व ते नातेवाइकाकडून वाचून घेतो. तपासणीस न आलेल्या रुग्णाच्या घरी दूरध्वनी करतो. सन्माननीय देणगीदार व विश्वस्तांना विनंती की, या कामासही आपल्या दानात स्थान द्यावे. टळलेला झटका कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही; परंतु त्यायोगे एक घर उभे राहते.