घराजवळची शाळा

आमगाव, जि. गोंदिया
१५ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. बाई,


आपल्याकडे मामानं भाचीच्या पाया पडायचं असतं, तिला उपदेश करायचा नसतो. पण परवा फोनवर पोराबद्दल तू म्हणालीस, "मामा, काहीही झालं तरी तिथं सरकारी शाळेत नाही घालणार त्याला," आणि फोन कटला. आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या शाळेत खडू झिजवलेल्या माणसाला असं वाक्य झोपू देत नाही. म्हणून हे पत्र.

आधी तुझ्याच नोकरीचं बोलू. इंग्लंडात लेस्टरला तू ज्या दवाखान्यात नर्स म्हणून रुजू होणार, तो सरकारी आहे. १९४८ पासून चालत आलेल्या त्यांच्या आरोग्यसेवेचा. तिथं निवड झाली तेव्हा आपण गावभर पेढे वाटले, 'सरकारी' म्हणून कुणी नाक मुरडलं नाही. मग त्याच देशाची सरकारी शाळा तेवढी वाईट कशी? भीती तिथल्या शाळेची नाही, बाई. इथल्या शाळेची आहे, आणि तू ती सोबत घेऊन निघालीस.

ती भीती कुठून आली हे मला चांगलं ठाऊक आहे, कारण ती वाढवण्यात माझाही हात आहे. माझा मुलगा लहान होता तेव्हा आम्ही गोंदियात राहायचो. मी सकाळच्या पॅसेंजरनं सालेकशाकडे शिकवायला जायचो, आणि तो गोंदियातल्या एका कॉन्व्हेंटात. (नन नाही, चर्च नाही, फक्त गळ्यात टाय आणि इंग्रजी माध्यम, की आपल्याकडे झालं कॉन्व्हेंट.) ऑटोत अकरा पोट्टे कोंबलेले असायचे. वर्गात मराठी शब्द निघाला की एक रुपया दंड. घरी आपली पोवारी बोली. पण हळूहळू तो घरीही जपून बोलायला लागला. तुझी मामी म्हणायची, पोरगा किती शहाणा झाला. शहाणा नव्हता झाला, तो धास्तावला होता. हे मला, मास्तर असून, दोन वर्षांनी कळलं.

दुसरा तोटा त्याहून मोठा. सालेकशाकडचे लोक सगळं बघत होते. मास्तरच आपलं पोर आपल्या शाळेत घालत नाही, तर आपण का घालावं? मला तोंडावर कुणी विचारलं नाही. पट मात्र उतरत गेला, आणि दाखले माझ्याच हातानं लिहून दिले. तुझी आई शिकली त्या शाळेत सरपंचाची पोर, गुरुजींची पोर आणि सालदाराची पोर एकाच तट्टपट्टीवर बसायची. छप्पर गळलं तर सरपंच स्वतः धावायचा, कारण पाणी त्याच्याही पोरीच्या पाटीवर पडायचं. ज्यांचा आवाज पंचायत समितीपर्यंत पोचतो त्यांनी पोरं काढून नेली, आणि मग शाळेसाठी भांडायला कुणी उरलं नाही. सरकारी शाळा नुसत्या सरकारनं बिघडवल्या असं मी म्हणणार नाही. आम्हीही बिघडवल्या.

तिकडे गोष्ट वेगळी आहे. इंग्लंडात शंभरातली नव्वदाहून जास्त मुलं सरकारी खर्चाच्या शाळेतच शिकतात. डॉक्टरचं, बस चालवणाऱ्याचं, दुकानदाराचं पोर एका वर्गात असतं. १८८० मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, १८९१ मध्ये बहुतेक प्राथमिक शाळांची फी गेली. इकडे १८८२ मध्ये जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे हेच मागितलं होतं, की निदान बारा वर्षांपर्यंत सगळ्यांना सक्तीचं शिक्षण द्या. राज्य इंग्रजांचंच होतं, पण आपल्या पोरांना जे दिलं ते इथल्या पोरांना दिलं नाही. देशभराचा शिक्षण हक्क कायदा लागू व्हायला १ एप्रिल २०१० उजाडला. आता तुझ्या पोराला ती शाळा फुकट मिळते आहे, तर तू पाठ फिरवतेस!

जावईबापूंना शाळांच्या नावांचा घोळ समजावून सांग. आपल्याकडे गल्लीबोळात 'पब्लिक स्कूल'ची पाटी असते. इंग्लंडात पब्लिक स्कूल म्हणजे सर्वांत महागड्या खासगी शाळा. त्यातली नामांकित ईटन १४४० मध्ये राजानं सत्तर गरीब मुलांसाठी काढली होती, आज तिथं कोण शिकतं ते सांगायला नको. आणि उलट बघ, 'सेंट अमुक'ची पाटी लावलेली शाळा तिथं बहुतेकदा सरकारी खर्चानं चालते. तिथल्या सरकारी शाळांपैकी तिसरा हिस्सा अशा धर्मसंस्थांशी जोडलेल्या शाळांचा आहे. प्रार्थनेला पोरगं बसवायचं नसेल तर आईबापांना तसं कळवता येतं. म्हणजे गोंदियात पैसे मोजून जे कॉन्व्हेंट मिळतं, ते तिथं चकटफू.

खासगीचा हिशेब पाटीवर मांडू. तुझा पगार सुरुवातीला वर्षाला ३१ हजार पौंडांच्या आसपास, त्यातून कर जाणार, घरभाडं जाणार. खासगी शाळेची फी वर्षाला पंधरा-वीस हजार पौंड सहज होते, आणि १ जानेवारी २०२५ पासून फीवर वीस टक्के व्हॅट बसला आहे. रात्रपाळ्या करून तू हे पैसे भरशील, मग पोराला जवळ घेऊन बसायला अंगात त्राण कुठून राहील? तुझ्या व्हिसावर 'सरकारी निधीचा लाभ नाही' अशी ओळ असेल, त्याला भिऊ नकोस. शाळा त्या यादीत येत नाही.

आता कामाचं. तिथं आधी घर, मग शाळा. बहुतेक ठिकाणी घर शाळेच्या जितकं जवळ तितका नंबर वर लागतो, म्हणून भाड्यानं घर बघताना स्वयंपाकघराआधी आजूबाजूच्या शाळा बघ. तू जानेवारीत जाणार, म्हणजे वर्षाच्या मध्ये. तसा अर्ज वेगळा असतो. तो नगर परिषदेकडे करायचा की थेट शाळेकडे, हे तिथं विचारून घे. जवळची शाळा भरलेली असेल तर दूरची देऊ करतील. ती घे, आणि जवळच्या शाळेच्या प्रतीक्षा यादीत नाव ठेव. नकाराविरुद्ध अपीलही करता येतं. शाळा तपासणारी त्यांची ऑफस्टेड नावाची संस्था आहे, तिचे अहवाल कुणालाही वाचता येतात. पूर्वी अख्ख्या शाळेला एका शब्दाचा शेरा मिळायचा, तो सप्टेंबर २०२४ पासून बंद झाला. बरं झालं. मीही तपासणीच्या दिवशी भिंती रंगवून घेतलेल्या आहेत. अहवाल वाच, पण त्याहून शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी अर्धा तास उभी राहा. मुलं बाहेर येताना काय बोलतात, शिक्षक त्यांना नावानं हाक मारतात का, एवढं बघ.

आणखी एक, नाहीतर तिथं जाऊन दचकशील. वर्ग तिथं वयावर ठरतो. आपला पोट्टा इथं पहिलीत आहे, पण १ सप्टेंबरला त्याला सहा पूर्ण होते, म्हणून त्याला थेट 'इयर टू'मध्ये बसवतील. भांडू नकोस. त्या वर्गापर्यंत एका शिक्षकामागे तीसपेक्षा जास्त मुलं ठेवायची नाहीत असा कायदा आहे, आणि दुपारचं जेवणही फुकट मिळतं. (आपली खिचडी आठव. पोरं शाळेत जेवली की गरिबीचं लक्षण म्हणून आपण हसतो, ते लोक सगळ्यांनाच जेवू घालतात.) पुढच्या सप्टेंबरपासून मात्र डबा किंवा पैसे. आणि लग्नसराईत पंधरा दिवसांसाठी त्याला इकडे आणायचं मनात आणू नकोस. विनापरवानगी पाच दिवस बुडवले तर आईला आणि बापाला वेगवेगळा ८० पौंड दंड, तोही एकवीस दिवसांत भरला तर.

तुझी खरी धास्ती भाषेची आहे, हे मी ओळखून आहे. त्याला इंग्रजी येत नाही, वर्गात गप्प बसेल, पोरं हसतील. म्हणून खासगी, म्हणजे कुणी जास्त लक्ष देईल. तर ऐक. सालेकशाकडे माझ्या पहिलीत एक गोंडी बोलणारा पोरगा आला होता. मराठीचा एक शब्द नाही. जूनपासून तो बोललाच नाही. मी नवखा होतो, मला वाटलं पोराला काही तरी कमी आहे. शेजारच्या गावच्या म्हाताऱ्या गुरुजींनी दटावलं, "तो ऐकतो आहे. त्याला ऐकू दे." तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल घेऊन आली. कुणीतरी त्याच्या बैलाला बारका म्हटलं, आणि हा ताडकन उठून म्हणाला, "माझा बैल मोठा आहे!" क्रियापदासकट, अचूक. दोन महिने तो मुका नव्हता, साठवत होता. दिवाळीनंतर त्याला गप्प करायला मला ओरडावं लागे.

लेस्टरच्या शाळांना तर घरी दुसरी भाषा बोलणारी मुलं रोजचीच. गुजराती तिथं रस्त्यावर ऐकू येते. तुझा पोट्टा घरी पोवारी, शाळेत मराठी आणि गोंदियाच्या बाजारात हिंदी ऐकत वाढला आहे. चौथी भाषा त्याला जड जाणार नाही. तू फक्त एक कर. घरी इंग्रजीत त्याच्याशी बोलू नकोस. इंग्रजी शाळा शिकवेल. पोवारी आणि मराठी तुझ्याशिवाय तिथं कोण शिकवणार? मी जे एका रुपयाच्या दंडापायी घालवलं ते तू घालवू नकोस.

सगळ्याच सरकारी शाळा चांगल्या असतात असं मी म्हणत नाही. वर्षभर बघ. पोरगं रोज रडत जात असेल, कुणी रंगावरून छळत असेल आणि शिक्षिकेला, मग मुख्याध्यापिकेला सांगूनही काही हललं नाही, तर शाळा बदल. पण दुसरी सरकारी आधी बघ. अकराव्या वर्षी माध्यमिक शाळा येईल, काही जिल्ह्यांत त्यासाठी परीक्षाही असते. तो घोर आत्तापासून नको.

पालकसभेला मात्र चुकू नकोस. पाळी असेल तर जावईबापूंना पाठव. त्यांच्या तोंडातून इंग्रजी निघालं नाही तरी चालेल, समोर बसून राहू देत.

जन्माचा दाखला, पासपोर्ट, लसीकरणाचं कार्ड हातातल्या बॅगेत ठेव. येत्या रविवारी मी तांदूळ घेऊन येतो, नवा आहे. आणि पोट्ट्याचा तान्ह्या पोळ्याचा बैल सामानात टाकायचा राहू देऊ नकोस. मी वजन करून पाहिलं, पाऊण किलो भरतो.

तुझा,
मामा