समुद्रशैवाल : पाठाचा आरंभ

मुळशीच्या मुलांस समुद्र दूरचा. सबब पाठाचा आरंभ ओढ्यातील निसरड्या शेवाळापासून करावा. समुद्रशैवाल त्याचे दूरचे नातलग. त्यासही खरी मुळे नसतात. बुडखा खडकास घट्ट धरतो इतकेच, पोषण सर्वांगाने होते. हा भेद अवश्य समजवावा. बुडखा राखून कापल्यास पुष्कळ जाती पुन्हा फुटतात. खरवडून काढल्यास खडक उजाड होऊन खेकड्यांचा व माशांच्या पिलांचा आसरा जातो. मुंबई इलाख्याच्या किनाऱ्यावरील शैवालांवर डॅनिश शास्त्रज्ञ बर्गेसेन यांनी १९३० च्या सुमारास निबंध लिहिले. जंतू वाढविण्यास लागणारे, शैवालापासून निघणारे ‘अगर’ तेव्हा जपानहून येई; दुसऱ्या महायुद्धात तो माल बंद पडल्यावर भारतात त्यावर संशोधन सुरू झाले. दुकानातील ‘चायना ग्रास’ ते हेच. थोडे पाण्यात उकळून विरघळवावे व निवताना कसे थिजते ते वर्गात दाखवावे.