बारामतीची गाडी, कोईमतूरचा ट्रॅक

माझे धाकटे चुलते, तात्या, निमगाव केतकीला असतात. डाळिंब, थोडा ऊस, आणि माल इंदापूरच्या मार्केटला न्यायला आपे टेम्पो. गाडीच्या बाबतीत त्यांना थाप मारून चालत नाही. कोईमतूरचा ट्रॅक-डे, म्हणजे रेसिंग ट्रॅकवर आपली गाडी चालवून शिकायचा दिवस, उरकून मी मोटरसायकल घेऊन त्यांच्याकडे गेले, तेव्हा पाणी विचारायच्या आधी त्यांनी गाडीला एक फेरी मारली.

तात्या : ही बारामतीत झाली म्हणतेस? आपल्या एमआयडीसीत?

मी : तुमच्या आपेच्याच कारखान्यात, तात्या. पियाजिओनं नव्वदच्या दशकाअखेरीस तिथं तीनचाकी काढायला घेतली. २०१२ ला व्हेस्पा आली, २०१६ ला एप्रिलियाची स्कूटर. एप्रिलिया ही पियाजिओचीच, इटलीतल्या नोआले गावची, रेसिंगसाठी नावाजलेली. ही आरएस ४५७ तिकडं आखली आणि इकडं बांधली. २०२३ च्या डिसेंबरात गोव्याला इंडिया बाइक वीकमध्ये बाजारात आली, तेव्हा शोरूमचा भाव ४ लाख १० हजार होता. परदेशातही इथूनच जाते.

तात्या : चार लाखात दोनच चाकं. आणि ताकद किती म्हणायची?

मी : सत्तेचाळीस हॉर्सपॉवर.

तात्या : हात्तिच्या! आपला ट्रॅक्टर पंचेचाळीसचा आहे की.

(मला हा मुद्दा इतका आवडला की मी खाली बसूनच घेतलं. शहरातल्या मित्रांनी तो कधी काढला नव्हता.)

मी : बरोबर आहे. पण ट्रॅक्टर दोन हजारांच्या आसपास आरपीएमला ती ताकद देतो, ही गाडी नऊ हजार चारशेला. ताकद म्हणजे पीळ गुणिले फेरे. ट्रॅक्टरच्या इंजिनाचा पीळ हिच्या साडेतीन-चार पट असेल, म्हणून तो नांगर ओढतो. हिचा पीळ कमी, पण फेरे भरपूर. शिवाय ट्रॅक्टर दोन टनांचा आणि ही पेट्रोल भरून १७५ किलो. तेवढ्याच ताकदीला ओझं दहा पटीनं कमी.

तात्या : मग ढकलत असेल जोरात. पण त्यासाठी कोईमतूर? हजार किलोमीटर? आपला पालखी मार्ग काय वाईट आहे? बारामतीपासून इंदापूरपर्यंत कसा रुंद केलाय.

मी : रुंद आहे, पण सणसर गावाच्या पुढं अंधारात दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर मागच्या दिव्याशिवाय निघाला, तर काय करायचं? ट्रॅकवर समोरून कुणी येत नाही, सगळे एकाच दिशेनं. वळण चुकलं तर बाहेर मोकळी जागा असते, झाड किंवा पूल नसतो. मार्शल उभे असतात, ॲम्ब्युलन्स चालू स्थितीत असते. आणि मुख्य म्हणजे तेच वळण दर फेरीला परत येतं. चुकलं काय ते कळतं आणि दोन मिनिटांत पुन्हा करून बघता येतं. रस्त्यावर वळण एकदाच भेटतं.

तात्या : जवळ कुठं नाही का?

मी : नगरला व्हीआरडीईचे ट्रॅक आहेत, पण ते सरकारी, गाड्यांच्या चाचण्यांसाठी. कोल्हापुरात मोहित्यांचा कार्टिंगचा ट्रॅक आहे. त्या गावानं बरेच रेसर दिलेत. मोटरसायकलला मात्र जुनी नावाजलेली ठिकाणं म्हणजे चेन्नईजवळचं इरुंगट्टुकोट्टई, ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट आणि कोईमतूरचं करी मोटर स्पीडवे. बुद्ध पाच किलोमीटरचं, तिथं २०११ ला फॉर्म्युला वन झाली. करी अवघं दोन किलोमीटरचं, एस. करिवर्धन यांच्या नावाचं. शिकायला मला करी बरं वाटतं. लांब सरळ रस्ता असला की माणूस नुसतं ॲक्सिलरेटर पिळतो आणि स्वतःला रेसर समजतो.

तात्या : म्हणजे शर्यतच की. नंबर कितवा आला?

मी : नंबर नसतोच. ट्रॅक-डेला शर्यत नाही. सकाळी गाडी तपासतात. आरसे काढायचे, हेडलाइटवर टेप मारायची, म्हणजे पडली तर काचा ट्रॅकवर सांडत नाहीत. हे बघा, चिकटा अजून निघाला नाही. मग कातडी सूट, पाठीचा प्रोटेक्टर, बूट, हातमोजे. त्यानंतर ब्रीफिंग, त्यात झेंडे पाठ करून घेतात. पिवळा म्हणजे पुढं धोका, ओव्हरटेक बंद. लाल म्हणजे सगळ्यांनी हळू होऊन पिटमध्ये परत. पिवळ्यावर लाल पट्टे असले तर रस्ता निसरडा. काळा झेंडा नंबरासकट दाखवला तर तो तुमच्यासाठीच, आत या आणि बोलणी खा. मग नवशिके एका गटात, मुरलेले दुसऱ्या गटात, पंधरा-वीस मिनिटांची सेशन्स. पहिल्या फेऱ्या शिकवणाऱ्याच्या मागं.

तात्या : शिकवायचं काय त्यात? गाडी तर तुला येतेच.

मी : थांबायला शिकवतात. खरं सांगते, दिवसभरात सगळ्यात जास्त बोलणं ब्रेकवर होतं. हिशेब करू. वेग १४४ धरा, म्हणजे सेकंदाला बरोबर ४० मीटर. गरम टायरवर चांगला ब्रेक दर सेकंदाला साधारण ८ मीटरनं वेग उतरवतो. १४४ वरून पूर्ण थांबायला किती लागेल?

तात्या : तूच सांग.

मी : शंभर मीटर. आता त्यातला निम्माच वेग उतरवायचा, १४४ चा ७२ करायचा. किती?

तात्या : पन्नास मीटर.

मी : पंचाहत्तर! उरलेले ७२ फक्त पंचवीस मीटरात जातात. अंतर वेगाच्या वर्गानं वाढतं, त्यामुळे वरचा निम्मा वेगच तीन हिस्से जागा खातो. आता एक सेकंद उशिरा ब्रेक दाबला तर आधीच ४० मीटर गेले. म्हणून वळणाआधी बाजूला १५०, १००, ५० असे फलक असतात. कोणत्या फलकाला बोटं लिव्हरवर जाणार ते ठरवायचं आणि दर फेरीला तेच करायचं. लिव्हर झटक्यात दाबायचा नाही. आधी हलका, पुढचं चाक दबलं की मग जोर. वजन पुढं आलं की टायर रस्त्याला जास्त धरतो.

तात्या : आणि वळणात आडवी पाडता ती गाडी, टीव्हीवर बघतो मी. गुडघा कशाला घासायचा?

मी : गुडघा मापाला असतो. किती झुकलोय ते तो सांगतो. तो टेकवायच्या नादात बरेच जण पडतात, तेव्हा माझ्या मते नवशिक्यानं त्याचा विचारच सोडून द्यावा. खरा खेळ लाइनीचा. वळणात बाहेरून शिरायचं, आतल्या कडेला मधल्या जागी टेकायचं आणि पुन्हा बाहेर पडायचं. त्या आतल्या जागेला एपेक्स म्हणतात.

तात्या : आतून आतून गेलं तर रस्ता कमी पडेल ना. अंतर वाचेल.

मी : अंतर वाचतं, वेळ जातो. गाडी ४५ अंश झुकली तर वळणातली ओढ जवळपास तिच्या वजनाइतकी होते. तेवढ्या झुकावावर आतल्या कडेनं २५ मीटर त्रिज्येचं वळण घेतलं तर वेग निघतो ५६. बाहेरून शिरून तीच त्रिज्या ४० मीटर केली तर ७१. झुकाव तोच, धोका तोच, आणि वेग पंधरानं जास्त. शिवाय वळणातून बाहेर पडताना गाडी लवकर सरळ होते, म्हणजे ॲक्सिलरेटर लवकर उघडता येतो.

तात्यांनी अंगणातल्या धुळीत काडीनं वळण काढलं, दोन्ही वाटा ओढल्या आणि मान हलवली. मग मागच्या चाकाशी बसून टायरवर अंगठा फिरवला.

तात्या : मधे ठीक आहे, कडा खाल्ल्यात. आणि हे काय, रबराच्या गोळ्या?

मी : तापून सोललंय ते. गाडीनं सगळं काम कडेवर केलं. म्हणून गरम टायरची हवा सारखी तपासायची, सेशन संपलं की लगेच. घरी आलो की पुन्हा रस्त्याची हवा भरायची. हे विसरणारे बरेच भेटतात.

तात्या : पडलीस तर विमा?

मी : नाही. साध्या पॉलिसीत शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते. प्लास्टिक फुटलं तर खिशातून. म्हणून पहिल्या दिवशी दुसऱ्याची लॅप टाइम विचारायची नाही.

तात्या : गाडीत ते कॉम्प्युटर असतात म्हणे, घसरू देत नाहीत.

मी : ट्रॅक्शन कंट्रोल आहे, तीन पायऱ्यांचं. एबीएसही आहे. मागचं चाक घसरून फिरू लागलं तर ट्रॅक्शन कंट्रोल ताकद कापतं, ब्रेक दाबला तर एबीएस चाक अडकू देत नाही. पण वळणात वेगच जास्त घेऊन शिरलो, तर त्यांना तरी कुठून जागा आणता येणार?

तात्या : माझ्या थोरल्या पोराला नेशील का? त्याची दीडशे सीसीची आहे. रात्री बेलवाडीच्या रिंगणाच्या माळाकडं पोरं जमवून पळवतो, मला कळत नाही असं त्याला वाटतं.

मी : नेते की. पण त्याची गाडी नको. काही ट्रॅक स्कूल गाडी आणि सूट दोन्ही देतात, त्यातलं बघू. पहिल्या दिवशी त्याला कंटाळा येईल, नुसतं ब्रेक आणि लाइन. आणि त्याच्या टायरच्या नक्षीत आता काही उरलेलं नाही, ते आधी बदला. कोईमतूरला जायचं असो वा नसो.

तात्या : टायर उद्या बदलतो. फीचं मात्र उसाचं बिल निघाल्यावर बोलू.