शेलापागोटे : वर्गाच्या 'भविष्या'चा एक अभ्यास
(तृतीय वर्ष कला)

स्नेहसंमेलन म्हटले की नाटक आले, बक्षीस समारंभ आला, पाहुण्यांचे लांबलेले भाषण आले आणि फिशपाँडही आलेच. या प्रकाराला मराठीत 'शेलापागोटे' हे जे नाव रूढ झाले आहे, ते मूळ इंग्रजी नावापेक्षा कितीतरी सरस आहे असे माझे मत आहे. खांद्यावर शेला घालावा, डोक्याला पागोटे बांधावे, हा आपल्याकडचा जुना सन्मान. ज्याची फजिती करायची त्याचा आधी भरसभेत सत्कार करायचा, ही खोच तळ्यात गळ टाकून बसणाऱ्याला साधायची नाही. शिवाय आमचा तालुका भिवंडी, म्हणजे कापडाचा. शेल्यापागोट्याची गोष्ट आम्ही नाही काढायची तर कोणी काढायची?

प्रस्तुत लेखाचा विषय मात्र या शेलापागोट्यांचे एक धाकटे भावंड आहे. दहावीच्या निरोप समारंभात वर्गाचे 'भविष्य' वाचले जाते, ते. हा प्रकार केवळ आपलाच आहे असे नाही. अमेरिकेतल्या शाळा-कॉलेजांच्या वार्षिकांत 'क्लास प्रॉफेसी' नावाचे एक पान असे. वर्गातला कोणी एक जण वीस-पंचवीस वर्षांनंतरचे चित्र रंगवी आणि त्यात एकेका सोबत्याची हजेरी घेई. आमच्या वज्रेश्वरी परिसरात हे कोणी वाचलेले असण्याचा संभव कमी. तरीही इकडची मुले तेच करतात, यावरून ही गरज कोठेही उपजणारी आहे असे म्हणावयास हरकत नाही.

परीक्षेच्या आधी, साधारण जानेवारी-फेब्रुवारीत, निरोप समारंभ होतो. सरांची भाषणे होतात, बाईंच्या डोळ्यांत पाणी येते, पेढा आणि वेफर्सची पुडी हाती पडते, आणि मग वर्गातला एखादा वाचाळ गडी शंभर पानी वही घेऊन उभा राहतो. "वीस वर्षांनंतर..." अशी त्याची सुरुवात. आमच्या वर्गाची ती वही माझ्याजवळ राहिली. धाकट्या भावाच्या वर्गाची आणि शेजारच्या एका ताईच्या वर्गाची, अशा आणखी दोन वह्या मी मिळवल्या. या तीन वह्या हीच माझी साधनसामग्री होय.

प्रथम थोडे नमुने देतो. रोज दुसऱ्या तासाला उगवणारा मुलगा एस.टी.त वाहक होणार, आणि अंबाडी नाक्यावरून सुटलेली त्याची गाडी वज्रेश्वरीला दुसऱ्या दिवशी पोचणार. मागच्या बाकावर झोपणारा भिवंडीच्या गोदामावर रात्रपाळीचा पहारेकरी होणार, आणि चोर त्याच्या अंगावर पांघरूण घालून माल घेऊन जाणार. पेन मागून परत न देणारा बँक काढणार. ठेवी घेणार, आणि परत देण्याचे नाव काढणार नाही. ज्याचा आवाज शाळेच्या फाटकापर्यंत जातो तो चैत्रातल्या देवीच्या जत्रेत हरवलेल्या मुलांची नावे पुकारणार, तीही ध्वनिक्षेपकावाचून.

यातली युक्ती उघड आहे. माणसाची एकच खोड घ्यायची आणि तिची रेघ वीस वर्षे पुढे ओढायची. मधल्या काळात तो बदलेल, दुखणाईत पडेल, प्रेमात पडेल, शहाणा होईल, या साऱ्या शक्यता वजा करायच्या. आता वर्तमानपत्रातले राशिभविष्य याच्या नेमके उलट चालते. 'प्रवास संभवतो, जवळच्यांशी मतभेद टाळा' हे कोणालाही लागू पडते, आणि म्हणूनच ते खरे वाटते. आमच्या वहीतले भाकीत मात्र इतके नेमके असते की ते त्या एकालाच बसते. ज्योतिषी खरे सांगितल्याचा आव आणतो आणि सर्वांना पुरेल असे बोलतो. वहीवाला खोटे सांगतो हे सर्वांस ठाऊक असते, पण एकट्या माणसाकडे नीट पाहिल्यावाचून त्याला ते सांगता येत नाही.

ज्योतिषाचे नाव निघालेच आहे तर एक प्रयोग येथे नोंदवण्याजोगा आहे. २००८ साली डॉ. जयंत नारळीकर यांनी सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासह पत्रिकांची एक चाचणी घेतली. शंभर हुशार विद्यार्थ्यांच्या आणि शंभर बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या, अशा दोनशे पत्रिका जमवल्या आणि भाग घेणाऱ्या प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या चाळीस पाठवल्या. हुशार कोणता तेवढे ओळखायचे. सत्तावीस जणांनी उत्तरे धाडली. त्यांची सरासरी भरली शेकडा ४६. नाणे उडवले असते तरी पन्नासाच्या आसपास जमले असते! विद्यार्थ्याचे भवितव्य ग्रहांना विचारण्यापेक्षा त्याच्या मागच्या बाकावरच्या मुलाला विचारावे, असा निष्कर्ष काढण्याचा मोह मला होतो. पण तोही शास्त्रशुद्ध नव्हे, म्हणून सोडून देतो.

वज्रेश्वरीत राहणाऱ्याला भविष्याचा आणखी एक प्रकार जन्मापासून परिचित असतो, तो म्हणजे नवस. चिमाजी अप्पांनी वसईच्या मोहिमेत देवीला नवस केला, मे १७३९ मध्ये किल्ला पोर्तुगिजांकडून मराठ्यांकडे आला आणि त्या नवसाचे मंदिर उभे राहिले, ही कथा आमच्याकडे पोराटोरांच्या तोंडी आहे. नवसात भविष्याशी व्यवहार असतो: हे दिलेस तर ते देईन. दहावीची हॉल तिकिटेही देवीच्या पायाशी टेकवून आणली जातात. वहीतल्या भविष्यात असा व्यवहार नाही. तेथे कोणी काही मागत नाही. कोणीतरी दुसराच तुमच्यासाठी मागून मोकळा होतो. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरेल.

आणि गंभीरपणे सांगितलेली भविष्ये तरी कोठे टिकतात? आमच्या आजोबांच्या पिढीत मुंबईच्या गिरणीत चिकटलेल्या मुलाची काळजी मिटली असे समजत. ते भाकीत हसण्यावारी नेण्याचे कोणाला सुचलेही नसते. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि पुष्कळांना परत आत जाण्यासाठी गिरणीच राहिली नाही. जे कापड मुंबईत निघे ते पुढे भिवंडीच्या मागांवर निघू लागले. आज त्याच भिवंडीच्या हमरस्त्यांवर गोदामांच्या रांगा आहेत आणि घरबसल्या मागवलेल्या वस्तू तेथून मुंबईला जातात. ताईच्या वहीत, म्हणजे अवघ्या काही वर्षांपूर्वी, गोदाम एकदाच आले आहे. भावाच्या वहीत पानापानावर आहे. विनोदी भाकितांची ही वही काळाचा माग मात्र चोख ठेवते.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. तिन्ही वह्या ओळीने वाचल्यावर लक्षात येते की मोठा हशा दोनच तऱ्हांच्या भाकितांना मिळालेला आहे. एका तऱ्हेत वरचा मुलगा खाली येतो. दुसरीत खालचा वर जातो. आमच्याच वर्गातले उदाहरण घ्या. एका हॉटेलवाल्याच्या मुलाला लिहिले होते की तो वीटभट्टीवर विटा थापणार. वर्ग हसला, तोही हसला, आणि घरी जाऊन त्याने जेवताना हा विनोद सांगितला. त्याच पानावर कातकरी पाड्यावरच्या एका मुलाला लिहिले होते: 'हा वीटभट्टीचा शेठ होणार आणि आपण सारे त्याच्याकडे बयाणा मागायला जाणार.' त्या दिवसातला सर्वांत लांबलेला हशा हाच.

भट्टीचे काम ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या भागातली अनेक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर भट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. आधी घेतलेला बयाणा हंगामभर कष्ट करून फेडायचा. मुले बरोबर जातात. शाळा मागे राहते. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने संपली असे पुस्तकात वाचतो, पण त्यानंतरही शेजारच्या वसई तालुक्यात वेठबिगार सोडवण्यासाठी श्रमजीवी संघटनेला लढावे लागले. तो मुलगा या सर्वांतून वाट काढून दहावीच्या बाकावर बसला होता.

दोन्ही वाक्यांची घडण एकच आहे. दोन्हींत शिवी नाही, व्यंगावर बोट नाही. वर्गाला दोन्ही सारखीच अशक्य वाटली, म्हणून दोन्हींना तो हसला. पण एकाला 'तू खाली जाणे अशक्य' असे सांगितले गेले आणि दुसऱ्याला 'तू वर जाणे अशक्य' असे. शेला दोघांच्याही खांद्यावर पडला. वजन एकालाच जाणवले. अलीकडे त्या मुलाने माझ्याकडून वही मागून घेतली, उभ्याउभ्याच आपले पान वाचले आणि विचारले, "सगळं भट्टीचंच का लिहिलंत?" मला वाटते, आमच्या वहीची याहून नेमकी समीक्षा कोणी करू शकणार नाही. अशक्य ते कल्पायला बसलेल्या वर्गालाही तो मुलगा भट्टीच्या बाहेर कल्पता आला नाही.

मुलींची पाने तर याहून बोलकी आहेत, कारण ती फार थोडे बोलतात. मुलांसाठी तीन वह्यांत चालक, पहारेकरी, कुंडाजवळ लॉज काढणारा, नारळ-प्रसादाचा दुकानदार, भजनीबुवा, नट, क्रिकेटपटू, अशी लांबलचक यादी निघते. मुलींच्या वाट्याला सासू, नवरा आणि पोळ्या. एकीची पोळी तव्यावरून उडून थेट गणेशपुरीत पडते, दुसरीची सासू तिच्या बडबडीला भिऊन माहेरी पळते. विनोद म्हणून ठीक आहेत, मीही ते मजेने वाचले. पण एक गोष्ट खटकते. वह्यांमधून गावाला सरपंच अनेकदा मिळाला आहे आणि दर वेळी तो मुलगाच आहे. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींमध्ये निम्मी आरक्षणे स्त्रियांसाठी आहेत, सरपंचपदांचीही. म्हणजे जे कायद्याने घडतच आहे, तेही विनोदाला सुचलेले नाही. कातकरी मुलाला निदान अशक्य असे काही देऊ केले होते; मुलींना तेही नाही.

यावर काही प्राध्यापक म्हणतील, चिठ्ठ्या आधी तपासून घ्याव्यात. रॅगिंगविरुद्धचा १९९९ चा महाराष्ट्राचा कायदा चिडवणे आणि थट्टामस्करीही आपल्या व्याख्येत धरतो, तेव्हा सावधगिरी योग्यच. अनेक ठिकाणी शिक्षक वाईट चिठ्ठ्या काढून टाकतात. परंतु चाळणीतून शिव्या अडतील, व्यंगावरचे विनोद अडतील. वीटभट्टीचे वाक्य अडणार नाही. ते शब्दांनी सोज्वळ आहे, त्यात तर बढतीच दिली आहे! आणि सगळेच बंद करा म्हणावे तर तेही मला पटत नाही. वह्यांतल्या कित्येक ओळींत कमालीची माया आहे. ज्या मुलाचे नाव पाच वर्षांत कोणा शिक्षकाने हजेरीपलीकडे घेतले नसेल, त्याच्या चालण्याची, हसण्याची, डबा चोरून खाण्याची नोंद कोणीतरी ठेवली आहे. ज्याला वहीत पानच मिळाले नाही असा मुलगा मी पाहिला आहे. त्याचा चेहरा हसे झालेल्यांपेक्षा पडलेला होता.

यंदा गावातल्या मुलांनी भविष्य लिहायला माझी मदत मागितली, तेव्हा मी एक छोटीशी अट घातली. प्रत्येकाने आपल्या पानावर पहिली ओळ स्वतः लिहायची: मला अमुक व्हायचे आहे. मग त्याच ओळीला धरून सोबत्यांनी हवा तेवढा चावटपणा करावा. पहिले दोन दिवस कोणीच लिहीना. शेलापागोटे फुकट मिळतात तोवर बरे असतात, मागायला लाज वाटते. नंतर एकाने जे.सी.बी. लिहिले आणि ओळ सुटली. सोबत्यांनी खाली भर घातली की त्याचे यंत्र चालताना पाहायला सारे गाव जमेल आणि खड्डा खणायचा तसाच राहील. कोणी नर्स लिहिले, कोणी तबला. पाड्यावरच्या एका मुलीने पुष्कळ विचार करून 'तलाठी' असे लिहिले, आणि तिच्या मैत्रिणींनी त्याखाली लिहिले: 'होईलच. आणि आपण सातबारा मागायला गेलो की आठवीत नेलेली कंपासपेटी आधी परत आणा म्हणेल.'