सेतू आणि वध : ‘सेतुबंधा’तील अभिलाषेची दोन रूपे

वर्धा जिल्ह्यातील धाम नदीकाठचे पवनार म्हणजेच वाकाटकांची राजधानी प्रवरपूर, असे मत वा. वि. मिराशी यांनी मांडले. मनसरच्या उत्खननानंतर या मताचा फेरविचार झाला. परंतु पाचव्या शतकातील वाकाटक नृपती दुसरा प्रवरसेन याच्या नावे असलेल्या ‘सेतुबंध’ या महाराष्ट्री प्राकृत महाकाव्यामुळे विदर्भाच्या वाङ्मयेतिहासात या भूमीचे स्थान अबाधित आहे. पंधरा आश्वासांच्या या काव्यास ‘रावणवध’ असेही नाव आहे. दंडीने त्यास सूक्तिरत्नांचा सागर म्हटले. तथापि ही दोन नावे एकत्र वाचली असता काव्याचा गाभा अधिक स्पष्ट होतो. एकाच सीतेच्या अभिलाषेतून एकीकडे सेतू उभा राहतो, तर दुसरीकडे वध ओढवतो.

राम आणि रावण दोघेही कामपीडित आहेत. रामाचा वर्षाकाळ विरहाच्या निष्क्रियतेत सरतो. परंतु हनुमानाने सीतेची वार्ता आणताच त्याच्या व्यथेला दिशा मिळते. समुद्र आडवा येतो, तेव्हा वानरसेना पर्वत वाहून आणते आणि एकट्याचे दुःख अनेकांच्या श्रमाचा विषय बनते.

अकराव्या आश्वासातील रावणाची अस्वस्थता याच्या नेमकी उलट आहे. त्रैलोक्यविजयाची सवय जडलेल्या त्याच्या मनाला नकार हा केवळ आणखी एक जिंकावयाचा गड वाटतो. म्हणून तो रामाचे मायाशिर सीतेपुढे ठेवावयास लावतो. पती मेला की स्त्री आपली होईल, हा हिशेब त्याने कल्पिलेल्या सीतेला लागू पडतो. अशोकवनातील सीतेला नव्हे. ती शोकाने मरणास सिद्ध होते, त्रिजटा तिला सावरते आणि रावणाचा डाव फसतो.

अभिनवगुप्ताने रावणाच्या सीताविषयक रतीची चर्चा शृंगाराभासाच्या संदर्भात केली आहे. एकतर्फी रतीला प्रतिसाद नसतो, म्हणून तेथे रस नव्हे, रसाचा आभास असतो. ‘सेतुबंधा’त हा शास्त्रविचार कथेच्या अंगाने प्रत्ययास येतो. रावणाचे प्रेम उणे आहे असे कवी दाखवीत नाही. त्या प्रेमात समोरच्या व्यक्तीला स्थानच नाही, हे तो दाखवितो. महत्त्वाकांक्षेने प्रेमाचा वेष घेतला की आराध्य मूर्ती आणि जिवंत माणूस यांतील अंतर दिसेनासे होते. रावणाने रामाचे खोटे मरण रचले; खरे मात्र त्याच्याच वाट्याला आले.